'आमच्या गावात काही झालं नाही' म्हणणाऱ्या गावात पुन्हा जायचं असतं

तू बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातली, राज्यशास्त्रात नुकतीच एम. ए. झालेली. २०२३ नंतर मराठा-ओबीसी आरक्षणाच्या वादाने गावात जे बदललं ते तू घरात बसून पाहिलंस. पहिलीपासूनच्या मैत्रिणीकडे जाणं-येणं थांबलं, आणि कुणी थांबवलं हे दोघींनाही सांगता येत नाही, असं पत्रात लिहिलं आहेस. तेव्हापासून भांडण सुरू कसं होतं आणि थांबतं कसं, याचाच अभ्यास करावा असं तुला वाटतं. घरचे म्हणतात, एमपीएससी कर. तुझे प्रश्न तीन आहेत: शांतता आणि संघर्ष या विषयात करिअर असतं का, परदेशी गेल्याशिवाय ते होतं का, आणि मराठवाड्यात राहून कुणी केलं आहे का.

मी केलं आहे. मी परभणी जिल्ह्यातली. अठ्ठावीस-एकोणतीस वर्षं हेच काम करते आहे. त्यातली काही वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत, काही प्रकल्पांवर, आता पूर्ण वेळ. नोकरीचं पुढे सांगते. आधी काम काय असतं ते सांगते, कारण बहुतेक मुलं पदव्यांची यादी विचारतात आणि काम कशाशी खातात ते तीन वर्षांनी कळतं.

१९९७ चा उन्हाळा. माझा पीएच.डी.चा विषय नामांतराच्या काळातली गावं हा होता. तुझ्या पिढीसाठी दोन ओळींत सांगते. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि लगोलग मराठवाडाभर दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरं जाळली गेली, नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळेंना मारलं गेलं. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला, तेही नामविस्तार म्हणून. माझा प्रश्न साधा होता: शेजारशेजारच्या दोन गावांपैकी एकात घरं जळाली, दुसऱ्यात नाही, असं का?

माझ्या यादीत एक गाव 'शांत' म्हणून होतं. पोलीस ठाण्याच्या नोंदीत काही नाही, वर्तमानपत्रात काही नाही. पाटलांच्या ओसरीवर बसले, चहा झाला. "आमच्या गावात काही झालं नाही बाई. सगळे गुण्यागोविंदानं राहतेत." सरपंचांनी तेच सांगितलं, गुरुजींनी तेच. बौद्धवाड्यातही गेले, पण वाट दाखवायला सरपंचांनी दिलेला माणूस बरोबर होता, आणि त्याच्या देखत तिथेही तेच वाक्य ऐकायला मिळालं. तीन दिवसांत अकरा जणांनी सांगितलं. मी अकरा वेळा वहीत लिहून घेतलं.

चौथ्या दिवशी फाट्यावर एसटीची वाट बघत उभी होते. एक म्हातारी डोक्यावर गोवऱ्यांची पाटी घेऊन चालली होती. थांबली. "तुम्ही त्या विचारायलेल्या बाई का?" एकटीच आहे ना, हे तिने आधी मागेपुढे बघून घेतलं. मग घरी घेऊन गेली. उतरंडीमागून एक तांब्याचा हंडा काढला. काठाला एक मोठा पोचा. "काही झालं न्हाई म्हणतेत, ते खोटं न्हाई. आम्ही गावात व्हतोच कुठं? आदल्या रातच्यालाच निघालो. घरात माणूसच न्हाई, तर मारतेत कुणाला?" निघताना हंडा विहिरीत सोडला होता. बावीस दिवसांनी परत आल्यावर गळ टाकून काढला, तेव्हा दगडाला लागून पोचा पडला. शेतातली हायब्रीड ज्वारी जनावरांनी खाल्ली होती. दोन शेळ्या गेल्या होत्या. नवरा ज्यांच्याकडे सालगडी होता त्यांनी त्या वर्षी दुसरा माणूस ठेवला. आणि त्या विहिरीवर पुन्हा पाणी भरायला गेल्यावर कुणी काही बोललं नाही, फक्त बाकीच्या बायका बाजूला सरून उभ्या राहिल्या. मग हिनेच जाणं सोडलं आणि ओढ्यातला झिरा धरला.

म्हणजे एकही घर जळालं नाही, एकालाही मार लागला नाही, एकही गुन्हा नोंदला गेला नाही. माझ्या तक्त्यात त्या गावापुढे शून्य होतं. आणि त्या शून्यात एक अख्खी वस्ती बावीस दिवस रानोमाळ होती, तिची मजुरी, शेळ्या आणि पाणवठा गेला होता.

हा विषय तुला करायचा असेल तर काम हे आहे. भांडणाच्या दिवशी तिथे पत्रकार असतात, पोलीस असतात, आता तर प्रत्येकाच्या हातात मोबाईल असतो. अभ्यासकाने जायचं असतं ते आधीच्या दहा वर्षांत आणि नंतरच्या वीस वर्षांत, आणि एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मी त्या गावात आजवर चौदा वेळा गेले आहे. पहिल्या खेपेला जे मिळालं ते जवळपास सगळं चुकीचं होतं.

आता थोडं पुस्तकी. या विषयाचा पाया ज्यांनी घातला त्यांत नॉर्वेचे योहान गाल्टुंग हे नाव तुला सगळीकडे दिसेल. सक्तीची लष्करी सेवा नाकारली म्हणून तरुणपणी तुरुंगात गेलेला माणूस, आणि तत्त्वज्ञ आर्ने नेस यांच्यासोबत १९५५ मध्ये गांधींच्या राजकीय नीतिविचारावर पुस्तक लिहिणारा. १९५९ मध्ये त्यांनी ओस्लोत शांतता संशोधन संस्था उभी केली. १९६९ च्या निबंधात त्यांनी म्हटलं की मारणारा हात दिसत नसला तरी व्यवस्थाच माणसाचं आयुष्य कमी करत असेल, तर तीही हिंसाच. तिला संरचनात्मक हिंसा म्हणायचं. युद्ध किंवा मारामारी नसणं ही नकारात्मक शांतता, आणि ही दुसरी हिंसाही नसणं ही सकारात्मक शांतता. मी हे वाचलं तेव्हा मला तो हंडा आठवला. त्या गावात १९७८ पासून नकारात्मक शांतता अखंड होती.

पण गाल्टुंगपाशी थांबू नकोस. २५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी संविधान सभेत सांगितलं होतं की २६ जानेवारी १९५० ला आपण विसंगतीच्या आयुष्यात पाऊल टाकतो आहोत, राजकारणात समता असेल आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, आणि ही विसंगती लवकर दूर केली नाही तर जे विषमतेने पोळले आहेत ते ही लोकशाहीच उधळून लावतील. गाल्टुंगच्या निबंधाआधी वीस वर्षं. त्याच भाषणात त्यांनी असंही बजावलं की संविधानिक मार्ग खुले झाल्यावर सत्याग्रहासारखे मार्ग म्हणजे अराजकाचं व्याकरण ठरतात. ज्यांनी १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह केला तेच हे म्हणतात, यावर विचार करण्यात माझी काही वर्षं गेली आणि अजून तो विचार संपलेला नाही. अभ्यासक्रमांत बाबासाहेब 'सामाजिक न्याय' या विषयात असतात आणि शांततेच्या विषयात गांधी. ही वाटणी मला चुकीची वाटते. तू दोघांना एकाच टेबलावर बसवून वाच.

संरचनात्मक हिंसा हा शब्द परीक्षेसाठी पाठ करायचा नसेल तर तुझ्याच जिल्ह्यातलं उदाहरण घे. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून जास्त ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांत १३ हजारांहून जास्त बायकांचं गर्भाशय काढलेलं निघालं. यात कुणी कुणावर हात उगारलेला नाही. उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली आहे, खाडा झाला तर पैसे कापले जातात, फडात संडास नाही, मासिक पाळीत उसाची मोळी उचलायची आहे, मुकादमाला कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, पूर्ण भरायचा आहे, आणि डॉक्टर म्हणतो पिशवी काढून टाका. आता सांग, यातला गुन्हेगार कोण? हा प्रश्न नीट विचारता येणं म्हणजे निम्मा अभ्यासक्रम.

२००४ मध्ये मला काही महिने स्वीडनमधल्या उप्सालाला जायला मिळालं. तिथल्या विद्यापीठात जगभरच्या सशस्त्र संघर्षांची नोंद ठेवतात, आणि ती सगळ्या जगात वापरली जाते. वर्षाला लढाईत किमान २५ मृत्यू झाले तर तो सशस्त्र संघर्ष, १,००० झाले तर युद्ध. मोजणीला कुठेतरी उंबरठा लागतो आणि त्यांच्या प्रश्नाला तो योग्यच आहे. तिथल्या लोकांइतकी काटेकोर माणसं मी कमी पाहिली. पण पहिल्याच आठवड्यात मला कळलं की मी जे पाहते आहे ते या उंबरठ्याच्या खूप खाली आहे आणि ते मोजायचं तर माझी मापं मलाच करावी लागतील. मग मी पाणवठे मोजायला लागले. कोण कुठून पाणी भरतं, कुणाच्या लग्नाची पंगत कुठपर्यंत उठते, सालगडी कोणत्या आळीतले, गिरणीत दळण कुणाचं आधी. ही मापं परदेशातल्या कुणी मला दिली नसती. उलट ती तिथे मांडल्यावर ऐकायला खोली भरली. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यात आलं: परदेश पद्धत शिकवतो, विषय देत नाही. विषय घेऊन जा, मग फायदा होतो.

भारतातल्या दंगलींवर अभ्यास करणाऱ्याला राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय टाळता येत नाहीत. २००२ च्या त्यांच्या पुस्तकात त्यांनी शहरांच्या जोड्या घेतल्या, अलीगढ आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत. आणि दाखवलं की जिथे हिंदू-मुस्लिम एकाच संघटनेत, व्यापारी मंडळात, युनियनमध्ये असतात तिथे अफवा पेटत नाही. शहराला नुसता रोजचा शेजार पुरत नाही, संघटना लागते. गावाला मात्र रोजची ऊठबस पुरते, असं त्यांचं म्हणणं. शहरांबद्दल मला ते पटतं. गावांबद्दल, विशेषतः जातीच्या प्रश्नात, नाही. १९७८ मध्ये ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऊठबस होती तीच माणसं समोरासमोर आली, कारण त्या ऊठबशीत एकाने ओट्यावर आणि दुसऱ्याने अंगणात बसायचं हे ठरलेलं होतं. मोठ्या नावाशी असं असहमत व्हायला भिऊ नकोस, मात्र त्यासाठी तुझ्याकडे गावं हवीत.

मराठवाड्यातल्या अभ्यासकाकडे एक भांडवल असतं ज्याची आपल्याला किंमत नसते, ते म्हणजे भाषा. आपला मुलूख १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात. कागद उर्दूत, मोडीत. कुणबी नोंदी शोधायच्या वेळी, २०२३ मध्ये, मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं शोधत सरकारी कार्यालयांची धावपळ झाली ती तू पाहिली असशील. हैदराबादेत तारनाक्याच्या अभिलेखागारात बसायचं असेल तर उर्दू येऊ दे. मी तिशीनंतर शिकले, एका निवृत्त मौलवी साहेबांकडे, रोज दुपारी एक तास. तू आत्ता शीक.

आणि भाषेचं काम नुसतं कागदापुरतं नसतं. १३ ते १७ सप्टेंबर १९४८, हैदराबाद संस्थानावर भारताने केलेल्या लष्करी कारवाईचे पाच दिवस. त्यांना आपल्याकडे दोन नावं आहेत. माझ्या घरात 'मुक्तिसंग्राम' म्हणतात. माझी आजी रझाकारांच्या भीतीने तुरीच्या रानात काढलेल्या रात्री सांगायची, आणि ते खरं आहे. धाराशिवकडच्या मुसलमान घरांत 'पोलीस अ‍ॅक्शन' म्हणतात, आणि म्हातारी माणसं वय सांगतात ती 'पोलीस अ‍ॅक्शनच्या आधी दोन साल' अशी. कारवाईनंतर मुसलमानांवर जे हल्ले झाले त्यांची चौकशी करायला नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाठवलं. त्यांनी मृतांचा अंदाज २७,००० ते ४०,००० असा दिला आणि सर्वांत होरपळलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड ही आपली दोन नावं आहेत. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. माझ्या आजीच्या रात्री आणि हा आकडा, दोन्ही एकाच प्रकरणात लिहायचे. एकाने दुसरं फिटतं असं म्हणायचं नाही. हे लिहिताना मला घरातूनही ऐकून घ्यावं लागलं. तुलाही लागेल.

आता माझी चूक. ती सांगितल्याशिवाय मी तुला या क्षेत्रात ये म्हणणार नाही.

१९९९ मध्ये एका परिसंवादात मी निबंध वाचला. गावाचं नाव बदललं होतं, माणसांची बदलली होती. मला वाटलं झालं. एका प्रसंगात मी लिहिलं होतं, 'शिलाई मशीनवर घर चालवणारी विधवा सांगते'. परिसंवादाचा वृत्तांत तालुक्याच्या पेपरात आला, त्यात हे वाक्य जसंच्या तसं. त्या टापूत शिलाई मशीन असलेली विधवा एकच होती. तिच्याकडे ब्लाउज शिवायला येणं आठ दिवसांत बंद झालं. कुणी धमकी दिली नाही, काही नाही, फक्त कापड येईना. मी गेले तर तिने दार उघडलं, पाणी दिलं, आणि म्हणाली, "ताई, तुमचं पुस्तक झालं, माझं मशीन बंद पडलं." मी माफी मागितली. त्या माफीने काही भरून आलं नाही. पुढे तिने मशीन मुलीच्या सासरी हलवलं. तेव्हापासून माझा नियम आहे: नाव बदलणं म्हणजे ओळख लपवणं नव्हे. धंदा, वय, मुलांची संख्या, घराची दिशा, जे जे मिळून एका माणसाकडे बोट दाखवतं ते ते काढायचं. आणि छापण्याआधी त्या माणसाला वाचून दाखवायचं. त्याने नको म्हटलं तर नको, मग तो तुझ्या प्रबंधातला सर्वांत चांगला पुरावा असला तरी.

दुसरी गोष्ट आडनावाची. गावात पहिला प्रश्न 'कोणत्या गावच्या तुम्ही' आणि दुसरा 'आडनाव काय' हा असतो. तिसरं वाक्य त्या उत्तरावर ठरतं. अंतरवाली सराटीत मराठा आंदोलकांवर झालेला १ सप्टेंबर २०२३ चा लाठीमार, ऑक्टोबरअखेरीस बीडमध्ये झालेली जाळपोळ, जून २०२४ मध्ये वडीगोद्रीला झालेलं ओबीसींचं उपोषण, हे सगळं झाल्यावर तर आडनाव सांगितल्याबरोबर समोरचा बोलणं बदलतो. यावर उपाय म्हणून मी एकटीने मुलाखती घेणं सोडलं. आम्ही दोघी जातो, वेगवेगळ्या जातीतल्या. ती काही घरांत एकटी जाते, मी काही घरांत, आणि रात्री वह्या समोरासमोर ठेवतो. एकाच गावाबद्दल इतकं वेगळं लिहिलेलं असतं की पहिल्या वर्षी आम्ही दोघी एकमेकींवर चिडलो होतो. नंतर कळलं की तो फरकच आमची माहिती होती.

तुझ्या मैत्रिणीबद्दल लिहिलंस, ते मला फार महत्त्वाचं वाटलं. पण तो पहिला प्रबंध करू नकोस. जखम ओली आहे, तू स्वतः तिच्यात आहेस, आणि ज्या गावात तुझे आईवडील राहतात तिथे तुला छापता येणार नाही असंच बरंचसं सापडेल. रोजची डायरी मात्र आजपासून लिही, तारीख घालून. दहा वर्षांनी ती डायरी कुठल्याही सर्वेक्षणापेक्षा मोलाची असेल.

पहिल्या कामासाठी मी पाणी सुचवते. जायकवाडीचंच बघ. वर नाशिक-अहिल्यानगरची धरणं, खाली पैठणचा नाथसागर. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात समन्यायी वाटपाचं तत्त्व आलं, मेंढेगिरी समितीने हिशोब मांडला, प्राधिकरणाने २०१४ मध्ये आदेश दिला, उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तो उचलून धरला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरून पाणी सोडायचं, असं त्यात ठरलं. रस्त्यावरचं भांडण नियमाच्या चौकटीत आलं, ही मोठी गोष्ट आहे आणि ती मराठवाड्यातल्या माणसांनी वर्षानुवर्षं कागद लढवून मिळवली. तरी टंचाईच्या वर्षी ऑक्टोबर आला की दोन्हीकडची माणसं रस्त्यावर येतात. नियम झाल्यावर वैर कुठे जातं? आणि पैठणला पोचलेलं पाणी पुढे कोणाच्या उसात जातं आणि कोणाच्या घागरीत, हा वेगळाच अभ्यास. किंवा लातूर घे. मार्च २०१६ मध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. त्या रांगांत मारामाऱ्या कुठे झाल्या आणि कुठे नाही, आणि जिथे नाही झाल्या तिथे रांग कोण लावत होतं? त्या बायका अजून आहेत. जाऊन विचारता येतं.

तंटामुक्त गाव मोहिमेचाही विचार कर. १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली, गावागावांत समित्या झाल्या, बक्षिसं मिळाली. मी काही समित्यांची रजिस्टरं पाहिली आहेत. 'तंटा मिटला' या रकान्यात फक्त बरोबरची खूण असते. कुणी माघार घेतली, बैठकीला बायको होती की फक्त नवरा, हे कुठेच नाही. काही ठिकाणी मोहिमेने खरंच कोर्टकचेरीचा पैसा वाचवला, बांधाचे वाद मिटवले; काही ठिकाणी मिटलं म्हणजे गप्प बसवलं. दोन्ही मी पाहिलं. कुठे काय झालं हे त्या रजिस्टरातून कधीच कळणार नाही, माणसांकडेच जावं लागेल.

आता पोटापाण्याचं.

महाराष्ट्रात या विषयाचे स्वतंत्र विभाग नगण्य आहेत. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात शांतता अध्ययन आहे. दिल्लीत जामिया मिल्लियात २००४ पासून नेल्सन मंडेला केंद्र आहे, सिक्कीम विद्यापीठात स्वतंत्र विभाग आहे, बनारसला मालवीय शांतता संशोधन केंद्र आहे. नेट या प्राध्यापक पात्रता परीक्षेला 'बौद्ध, जैन, गांधीवादी आणि शांतता अभ्यास' असा विषय आहे. पण जाहिरात निघते ती राज्यशास्त्राची, समाजशास्त्राची. माझ्या ओळखीच्या एका हुशार मुलाला मुलाखतीत 'संबंधित विषयातली पदवी नाही' म्हणून बाहेर काढलं. म्हणून तुझं राज्यशास्त्र सोडू नकोस. नेट राज्यशास्त्रात दे, पीएच.डी. राज्यशास्त्रातच नोंदव, प्रश्न संघर्षाचा घे. त्याच परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची अधिछात्रवृत्ती मिळाली तर दरमहा ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. ती न मिळाल्यास बार्टी, सारथी, महाज्योती या वेगवेगळ्या समाजघटकांसाठीच्या राज्य सरकारी संस्थांपैकी तुला लागू होणारी बघ. एकाच खोलीवर राहणाऱ्या तीन मुली तीन वेगळ्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीवर असतात आणि कुणाची वेळेवर आली, कुणाची रखडली यावरून अबोला धरतात. वसतिगृहातला हा संघर्षही कुणीतरी लिहायला हवा.

पीएच.डी.नंतरची वर्षं कठीण जातात, हे लपवत नाही. तासिका तत्त्वावर मी सहा वर्षं काढली. उन्हाळ्यात पगार नसायचा. एका संस्थेत कायम जागेसाठी मला सरळ आकडा सांगितला गेला. मी उठून आले. वडिलांनी तेव्हा दोन एकर विकायची तयारी दाखवली होती, ते आठवलं की अजून घशात दाटून येतं. पैसे देऊन ती जागा घेतली असती तर मी आज कुणाच्या सातबाऱ्याबद्दल कोणत्या तोंडाने विचारलं असतं? मधल्या काळात मी प्रकल्पांवर जगले: भूकंप पुनर्वसनातल्या गावांची पाहणी, पाणलोट समित्यांचं मूल्यमापन. संस्थांना आता असा माणूस हवा असतो जो त्यांची विहीर किंवा तलाव खोदण्याआधी सांगेल की यातून गावात फूट पडेल का. हे काम वाढतं आहे आणि तुझ्यासारख्या, गावची बोली बोलणाऱ्या मुलीला ते जमेल.

परदेशाचं एकच सांगते. रोटरीची शांतता अधिछात्रवृत्ती पदव्युत्तर शिक्षणाचा पूर्ण खर्च उचलते, पण तीन वर्षांचा कामाचा अनुभव मागते. ब्रॅडफर्ड, उप्साला यांसारखी ठिकाणं तिच्या यादीत आहेत. त्यामुळे आत्ताच अर्ज भरण्याची घाई नको. तीन वर्षं इथे काम कर, मग भर.

आणि घरच्यांवर रागावू नकोस. एमपीएससी म्हणणारे तुझ्या विषयापासून तितके दूर नाहीत. तहसीलदाराकडे मामलेदार न्यायालय कायदा, १९०६ च्या कलम ५ खाली शेतरस्ते अडवल्याचे अर्ज येतात. नांगर घालून वाट मोडलेली, बैलगाडी जाईना, ऊस फडात वाळतो आहे. एका तालुक्यात अशा फायलींची चळत असते. चांगला तहसीलदार पंचनाम्याला स्वतः जातो, दोन्ही भावांना बांधावर उभं करतो आणि डोकी फुटायच्या आत वाट मोकळी करतो. मी तरी त्याला शांततेचंच काम म्हणेन. तुझ्यात ती ओढ असेल तर ती परीक्षा दे, मनापासून दे. पण रात्री झोपताना 'ही वाट मोडली का' यापेक्षा 'हे दोघे भाऊ वीस वर्षं बोलत का नव्हते' हा प्रश्न छळत असेल, तर संशोधनाकडे ये.

हंड्याची म्हातारी २०११ मध्ये गेली. तिचा नातू गायरानातली दीड एकर कसतो. आजोबांनी १९९० च्या आधीपासून धरलेली जमीन, शासनाचा १९९१ चा निर्णय अशीच अतिक्रमणं नियमित करण्यासाठी होता, पण सातबाऱ्यावर त्याचं नाव अजून लागलेलं नाही. दर खेपेला तो मला नवीन अर्जाची पोच दाखवतो आणि मी त्या कागदाचा फोटो काढून ठेवते. माझ्याकडे आता असे सात फोटो आहेत. ज्वारीची काढणी झाली की फेब्रुवारीत पुन्हा जाणार आहे. मुलाखतींतली माझी जोडीदार या वर्षी बाळंतपणासाठी माहेरी आहे, त्यामुळे दुसरी वही लिहायला कुणीतरी हवं आहे. यायचं असेल तर आधी कळव. मुक्काम शाळेत असतो, पांघरूण आपापलं आणावं लागतं, आणि पहिले चार दिवस तू काहीही विचारायचं नाहीस, फक्त पाणी कोण कुठून भरतं ते लिहायचं.